गच्चीवरचं ऊन

आमच्या सोसायटीची सभा पार्किंगमध्ये भरते. दोन-तीन गाड्या बाहेर रस्त्यावर काढायच्या, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, कोपऱ्यावरून चहाचा थर्मास आणायचा आणि सातच्या सभेला लोकांनी साडेसातला उतरायचं. २०२५ च्या एप्रिलमधल्या सभेपुढे एकच विषय होता, गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा. खजिनदारांनी तयारी जय्यत केली होती. वीस किलोवॅटची यंत्रणा, तिला साधारण दोन हजार चौरस फूट जागा, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे सगळे त्यावर, सोसायट्यांना किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान, पाचेक वर्षांत खर्च वसूल. हात वर व्हायला लागले. एवढ्यात मागच्या रांगेतून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "मग कुरडया कुठे घालायच्या?"

हशा झाला. दिवसभराच्या उकाड्यानंतर माणसं कशालाही हसतात, तसला. "काकू, हल्ली घरपोच मिळतात की," कुणीतरी म्हणालं. काकूही हसल्या. ठराव मंजूर झाला, चहा झाला, खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावल्या गेल्या. मी सेक्रेटरी, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. त्यात सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते' एवढंच जातं. कुणी काय विचारलं आणि त्यावर कोण हसलं याला रकाना नसतो. पण रात्री ओटा आवरताना तो प्रश्न परत आला, आणि पुढेही बरेच दिवस येत राहिला. सूर्याच्या उर्जेवर तासभर बोललेल्या आम्हा सगळ्यांत त्या गच्चीवरचं ऊन खरोखर वापरणारं माणूस एकच होतं, आणि हसू झालं ते नेमकं त्याचंच. बाकीच्यांपैकी निम्म्यांना गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते हेसुद्धा माहीत नव्हतं.

माझं माहेर नारायण पेठेतलं. वाड्यात बिऱ्हाडं बरीच आणि गच्ची एक, त्यामुळे उन्हाळी कामांचे वार वाटून घेतलेले असायचे. होळी झाली की मिरच्या आणि हळकुंडांपासून सुरुवात, मग वर्षाचे गहू, मग सांडगे, पापड, शेवया, आणि सगळ्यात शेवटी, निकाल लागून मुलं मोकळी झाली की कुरडया. कुरडईचं काम एकदा धरलं की मागे फिरता येत नाही. सोमवारी गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत मोरीशेजारच्या पातेल्यातून एक आंबूस वास सुटायचा. बाहेरून आलेला माणूस नाक मुरडायचा, आम्हाला मात्र तो वास आला की सुट्टी खरी सुरू झाल्याचं कळायचं. गुरुवारी ते गहू वाटायचे, पाण्यात कोळायचे, फडक्यातून गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळायला ठेवायचा. उरलेल्या चोथ्याचेही सांडगे व्हायचे, टाकायचं काही नाही. शुक्रवारी पहाटे चारला वरचं पाणी ओतून द्यायचं, आधण ठेवायचं, मीठ-हिंग घालून चीक सोडायचा आणि गुठळी होऊ न देता आई आणि आजीनं आळीपाळीनं हटत राहायचं. चकाकी आली की शिजला. मग तो कढत चीक सोऱ्यात भरून, हाताला चटके सोसत, जुन्या धोतरावर एकेक वेटोळं. उजाडायच्या आत अर्धी गच्ची पांढरी व्हायची.

आम्हा मुलांची नेमणूक राखणीवर. हातात काठी, डोक्यावर मोडकी छत्री, कठड्याला कावळ्यांसाठी बांधलेलं काळं फडकं, ज्याला एकही कावळा कधी भ्यायला नाही. मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक, धाकट्यांना दूध-साखर घालून, मोठ्यांना तेल-तिखट घालून. आणि चोरी म्हणून दुपारची अर्धवट वाळलेली कुरडई. वरून कडक, आत चिवट, दाताला चिकटणारी. मोजून घातलेल्या असल्यामुळे आजीला चोरी कळायचीच, पण ती कावळ्यांच्या नावावर जमा व्हायची. दोन कडक उन्हं मिळाली की कुरडया वाजायला लागायच्या. पत्र्याच्या डब्यात भरताना होणाऱ्या त्या खुळखुळाटावरून आई ओळखायची की वाळल्यात का नाही. जरा ओल राहिली तर श्रावणात डबा उघडल्यावर कुबट वास आणि वर्षभराची बोलणी.

आजीनं आकाशाकडे बघून गहू भिजवल्याचं मला आठवत नाही.

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. मुलांचा निकाल कधी, आत्या कधी येणार, मोठं पातेलं शेजारणीकडून कधी मोकळं होणार. सोमवारी भिजवलेल्या गव्हाला शुक्रवार-शनिवारचं ऊन लागणार आणि ते मिळणार, हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. वळीव यायचा की. चारच्या सुमाराला आग्नेयेकडून काळं चढायचं, धुळीचा लोट उठायचा, पत्रे धडधडायचे, आणि 'आलाऽ' म्हणून अशी हाक उठायची की एकमेकींशी महिनोन्महिने न बोलणाऱ्या बायकासुद्धा एकाच धोतराची दोन टोकं धरून जिन्यानं खाली पळायच्या. पण तो अर्ध्या तासाचा कारभार. मातीचा वास, गारव्याची एक रात्र, आणि सकाळी पुन्हा तेच पांढरं ऊन. वळीव तिच्या हिशेबात धरलेला होता. पाच दिवसांचा हवामान अंदाज मोबाइलवर येण्याच्या कितीतरी आधी पुण्यातल्या बायका आठवड्याचा अंदाज गृहीत धरून कामाला लागत होत्या, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरत होता.

ठराव झाला म्हणून पॅनेल लगेच बसत नाहीत. तीन ठिकाणची दरपत्रकं, मग त्यावर तीन मतं, मग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा निराळाच वाद. मे उजाडला तरी गच्ची रिकामीच होती. तेव्हा काकूंनी ठरवलं, या वर्षी शेवटच्या घालून घेऊ. सून बंगळुरात, मदतीला कुणी नाही, म्हणून मी जाते म्हटलं. गहू भिजवले त्या दिवशी फोनवर यलो अलर्ट होता. "पिवळा म्हणजे वळीव," काकूंनी निकाल दिला, "येईल आणि जाईल." शुक्रवारी पहाटे आम्ही दोघींनी चीक हटला, कितीतरी वर्षांनी माझे मनगट त्या वजनाला लागले. सातपर्यंत गच्चीवर प्लास्टिक अंथरून सगळ्या घालून झाल्या. दहाला ऊन होतं. अकराला नव्हतं. ढग एका कोपऱ्यातून चढले असते तर आम्हाला सवयीनं कळलं असतं. इथे सगळं आभाळच हळूहळू राखाडी झालं. गडगडाट नाही, धूळ नाही. वाऱ्यात जुलैचा ओलावा होता. एकच्या सुमाराला बारीक पाऊस लागला आणि तो थांबायला तयार नव्हता.

ओल्या कुरडया उचलून आणल्या की त्या उचलल्या जात नाहीत, फाटतात. काकूंच्या दिवाणखान्यात, पलंगावर, जेवणाच्या टेबलावर, टीपॉयवर आम्ही त्या मांडल्या आणि पंखा पाचवर केला. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी पाऊस. मग वेटोळ्यांच्या आत काळपट गुलाबी ठिपके दिसायला लागले. सोसायटीत ओला कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींनी बादली बघून कपाळाला हात लावला. "आमच्याकडं तर मेमध्येच ताडपत्री काढली ताई," त्या म्हणाल्या, "दरवर्षी जूनला घेतो, तेव्हा जरा पैसे असतात हातात." काकूंनी त्यांना उरलेल्यातल्या धड दिसणाऱ्या चार कुरडया तळून दिल्या. फुलल्या नाहीत.

२६ मे रोजी मान्सून मुंबईत आणि पुण्यात पोचला. एरवी आपल्याकडे तो जूनच्या दहा तारखेच्या आसपास यायचा, मृग लागल्यावर. मुंबईत तर इतक्या लवकर तो गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता. दोनच दिवस आधी अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या पट्ट्यात किनारा ओलांडून आत आलं होतं. बारामती, दौंड, इंदापूरकडे, जिथे मे महिन्यात टँकरची वाट बघतात तिथे, पाणी घरात शिरलं, आणि शेतात काढून ठेवलेला उन्हाळी कांदा जागेवर सडला. योगायोग असा की त्याच २६ तारखेला दिल्लीत 'भारत फोरकास्ट सिस्टीम' देशाला अर्पण झाली. सहा-सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ही यंत्रणा, आणि ती घडली आमच्या पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत.

हवामान खात्याची चेष्टा करणं हा पुणेकरांचा आवडता खेळ. खरं तर हे शहर हवामानवाल्यांचं आहे. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून आपण बसनं हजारदा जातो. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं तेव्हाची ती मनोऱ्याची दगडी इमारत. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, तरी १८७५ पासूनच्या देशभरच्या नोंदींचं भांडार अजून पुण्यातच सांभाळलं जातं. कुठल्या गावी कुठल्या दिवशी किती पाऊस, किती तापमान, हे पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी सकाळी उठून मोजलंय आणि लिहिलंय. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो. आजीच्या कॅलेंडरवरही खुणा असायच्या, कुरडया अमुक तारखेला, लोणचं अमुक तारखेला. ती कॅलेंडरं दर वर्षी रद्दीत गेली.

आमच्या सोसायटीत एक नाना आहेत, त्यांना हवामान बदल हे थोतांड वाटतं. "३० एप्रिल १८९७ ला पुण्यात ४३.३ होतं," ते प्रत्येक उन्हाळ्यात ऐकवतात, "तेव्हा कुठे होते एसी आणि मोटारी?" आकडा त्यांचा बरोबर आहे. आणि एका वर्षीच्या ओल्या मे महिन्यावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही, हे पाषाणचे शास्त्रज्ञच आधी सांगतील. त्यांचं बोलणं एका दिवसाबद्दल किंवा एका वर्षाबद्दल नसतंच. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्र, जो एके काळी वादळांच्या बाबतीत बंगालच्या उपसागरापुढे गरीब समजला जायचा, तो झपाट्यानं तापतोय. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटत गेली. मला यातलं गणित कळत नाही, पण स्वयंपाकघरापुरतं कळतं. वर्षाचा पाऊस बेरजेत ठीक असेल आणि तरीही कुरडया सडतील, विहीर आटेल आणि घरात पाणी शिरेल, हे सगळं एकाच वर्षात.

घरात पाणी शिरणं आमच्या भागानं बघितलंय. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावतीकडच्या कुणाला विचारा. आमची इमारत चढावर, म्हणून आम्ही नुसते ऐकत होतो. पावसाचा आवाज वेगळा असतो आणि ओढ्याचा वेगळा. त्या रात्री पावसाच्या आवाजाखाली एक घरघर होती, आणि मध्येच गाड्यांचे हॉर्न, एकटेच, कुणी न दाबता वाजणारे. सकाळी खाली गेलो तेव्हा चारचाक्या एकमेकींवर चढलेल्या, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट मेलेली, टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेलेली. शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसं त्या एका रात्रीत गेली. पावसाळा संपत आला म्हणून लोक निर्धास्त होते. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा हा पुण्याचा जुना सोबती. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला, पर्वतीखाली तळं केलं, कात्रजच्या तलावातून शहरात नळानं पाणी खेळवलं. आम्ही त्याला आधी नाला म्हणायला लागलो, मग त्याच्या दोन्ही काठांनी भिंती आल्या, मग भिंतींच्या आत घरं. तेव्हा 'हवामान बदलामुळे पूर आला' हे वाक्य मला पुरतं पटत नाही. आभाळातून जास्त पडलं हे खरं. पण ते जायला जी वाट होती तिच्यावर आम्हीच सही करून बांधकामाला परवानगी दिली होती, आणि आता सगळा दोष आभाळाच्या नावावर टाकता येतो म्हणून आम्ही जरा खूशच आहोत असं मला कधीकधी वाटतं. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाही चर्चेचा सूर तोच होता, पाऊस फार झाला, धरणातून सोडलं फार.

आणि ऊन. पुण्याच्या हवेचा आम्हाला कोण अभिमान! मुंबईचे पाहुणे यायचे ते हवा खायला, आणि आजोबा त्यांना खिडकीजवळ बसवून विचारायचे, "बघा, लागतोय का पंखा?" दुपारी तापलं तरी रात्र पुण्याची होती. अंगणात टाकलेल्या बाजल्यावर पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची. आता माझ्या बेडरूमची भिंत रात्री अकराला हात लावला तर कोमट असते. टेकड्यांकडून येणारं वारं मध्ये उभ्या राहिलेल्या इमारतींमधून वाट काढत येईपर्यंत त्यात काही उरत नाही. आमच्याकडे पहिला एसी बसला तो सासूबाईंच्या आजारपणात, तात्पुरता म्हणून. त्यांच्यानंतर तो काढला नाही, उलट मुलाच्या खोलीत दुसरा आला. रात्री गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या भिंतीवरची सगळी आउटडोअर युनिटं एका सुरात घुमत असतात आणि गल्लीत गरम हवा सोडत असतात. खालच्या पत्र्याच्या केबिनमध्ये वॉचमन उघडा बसलेला असतो, वर्तमानपत्रानं वारा घेत.

ही वीज येते कुठून? देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची. एक युनिट जाळलं की सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत. आपल्या राज्यातलं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, आणि तेच चंद्रपूर दर उन्हाळ्यात बातम्यांत असतं पंचेचाळीसच्या वर गेलं म्हणून. तिथली माणसं राख आणि ऊन दोन्ही सोसतात, आणि आम्ही इकडे चोवीसवर लावून पांघरूण घेतो. कारखाने सुरू होण्याआधी हवेत दर दहा लाख कणांमागे २८० कण कार्बन डायऑक्साइडचे होते, आता ४२० च्या वर आहेत. २०२४ हे वर्ष त्या जुन्या काळाच्या मानानं दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं. दीड अंश म्हणजे काय मोठंसं, असं नाना म्हणतात. ताप दीड अंशानं वाढला की हेच नाना दोन डॉक्टर बदलतात.

म्हणून मला पॅनेल हवी आहेत. हे स्पष्ट लिहिते, नाहीतर या लेखाचा सूर 'गेले ते दिवस' असा लागायचा, आणि गेलेल्या दिवसांत पहाटे चारला उठून चीक हटणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला हटायचाय का. पण पॅनेल हवी असूनही माझ्या मनातून काकूंचा हिशेब जात नाही. त्या एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, मी लिफ्टनं जात नाही, दोनच मजले. तरी लिफ्टचं बिल भरते. एसी माझ्याकडे नाही. फ्रिज छोटा. आता विजेचा खर्च सगळ्यांना जास्त होतोय म्हणून माझीच गच्ची जाणार होय?" यावर मी म्हटलं, "काकू, गच्ची सगळ्यांची आहे." बरोबरच आहे ते. पण सगळ्यांची असून ती वापरत होत्या त्या एकट्याच, आणि ज्यांच्या घरी तीन-तीन एसी आहेत त्यांचे हात त्या सभेत सगळ्यात आधी वर गेले होते. पृथ्वीच्या मोठ्या सभांमध्येही असंच चालतं असं दिसतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बाकूला भरलेल्या जागतिक हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, ठराव मंजूर झाला म्हणून हातोडाही पडला, आणि त्यानंतर भारताच्या प्रतिनिधी उठून म्हणाल्या की आम्हाला हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात कसं लिहिलं कोण जाणे.

खजिनदार मनानं चांगले आहेत. काकूंची तक्रार त्यांच्या कानावर गेल्यावर त्यांनी फॅब्रिकेटरला बोलावून घेतलं आणि तोडगा काढला: पॅनेल आठ फूट उंचीच्या सांगाड्यावर बसवू, खाली गच्ची मोकळी राहील. खर्च थोडा वाढेल. काकू वर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात कमरेवर. "खाली सावली पडेल ना हो," त्या म्हणाल्या. मग स्वतःच विचार करून, "उडदाच्या पापडांना चालेल म्हणा. ते सावलीतच वाळवतात. पण कुरडईला ऊन लागतं." खजिनदारांना पापड आणि कुरडई यांच्या वाळण्यात फरक असतो हे आयुष्यात पहिल्यांदाच कळलं असावं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

शेवटी ठरलं ते असं, की दक्षिणेच्या कठड्यालगतची पट्टी मोकळी सोडायची. पॅनेलांची तोंडं दक्षिणेकडे, त्यामुळे त्या बाजूला त्यांची सावली फारशी येत नाही. वीसऐवजी अठरा किलोवॅट. शिवाय शेजारच्या बंगल्याच्या जागी पुनर्विकासाचा उंच टॉवर येतोय, त्याची सावली संध्याकाळी कुठवर येईल हे त्याचा नकाशा मागवून पाहावं लागलं. पॅनेल आणि कुरडया या बाबतीत एका पक्षात आहेत. दोन किलोवॅट कमी म्हणजे दिवसाला आठ युनिटं कमी, पावसाळा वजा करून वर्षाला अडीच हजारांच्या आसपास, असं खजिनदारांनी काढलं. मी घरी येऊन पुढचा गुणाकार केला. पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड. भारतातल्या सरासरी माणसाचं अख्ख्या वर्षाचं उत्सर्जन साधारण दोन टन. म्हणजे काकूंच्या त्या पट्टीपायी जवळजवळ एका माणसाच्या वर्षाइतका कोळसा दरसाल जास्त जळणार, आणि ती पट्टी वर्षातून फार तर आठवडाभर वापरली जाणार. हा आकडा मला आवडला नाही. तो कुरडयांच्या बाजूनं यावा अशी माझी मनातून इच्छा होती. मी तो काकूंना सांगितला, कारण न सांगणं म्हणजे त्यांना लहान मूल समजणं झालं असतं. त्यांनी ऐकून घेतला, आणि विचारलं, "आणि चौथ्या मजल्यावरच्यांचे तीन एसी किती टन?" एसी टनांवरच मोजतात हे त्यांना ठाऊक होतं की नाही मला कळलं नाही, पण खजिनदार खोकले.

पॅनेल दिवाळीनंतर बसली. इन्व्हर्टरच्या डब्यावर हिरवा दिवा आहे, आणि खजिनदार रोज संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आजची युनिटं टाकतात. ढगाळ दिवशी आकडा पडला की लोक हळहळतात. ऊन कमी पडल्याची हळहळ आमच्या ग्रुपवर याआधी कधी उमटली नव्हती. नानाही आकडे बघतात, थोतांड वगैरे कायम ठेवून.

काकूंनी मात्र मे महिना सोडून दिला. त्यांचा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही. यंदा होळी मार्चच्या पहिल्याच आठवड्यात, तर होळी झाली की लगेच गहू भिजवायचे, असं त्यांनी जाहीर केलंय. मार्चमधली हवा कोरडी, ऊन पुरेसं. गारपिटीचं काय, मी विचारलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारांनी उभी पिकं झोपवली होती ते आठवत होतं. "गारा आल्या तर गारा," त्या म्हणाल्या, "त्या निदान वाळवून ठेवाव्या लागत नाहीत." पट्टी धुऊन झाली आहे. सोऱ्या काढला आहे. मोठं पातेलं माझ्याकडचं. अडचण एकच उरली आहे: मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात, त्यामुळे राखणीला कुणी नाही, आणि कावळे मे असो की मार्च, येणारच. काकूंनी खजिनदारांचं नाव सुचवलंय. ते निवृत्त आहेत, आणि दिवसातून तीनदा पॅनेल बघायला वर जातातच. मी अनुमोदन दिलं.